न्यूयॉर्क ते लंडन ४ तास ५६ मिनिटांत : टेलविंड, ट्रॅक आणि इंधनाचा हिशेब

वातकुक्कुट

दर हिवाळ्यात एखादी तरी बातमी येतेच, की अमुक विमान ताशी तेराशे किलोमीटरने लंडनला पोचलं. आकडा बहुधा खरा असतो. तो नेमका कशाचा, हे मात्र बातमीत नसतं. म्हणून हा धागा. पक्के आकडे मी मांडतो, जाणकारांनी भर घालावी.

८ फेब्रुवारी २०२०, शनिवार. ब्रिटिश एअरवेजचं बीए११२, विमान बोइंग ७४७-४००. न्यूयॉर्कच्या जेएफकेवरून संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास उडालं आणि रविवारी पहाटे ४:४३ ला लंडनच्या हीथ्रोवर टेकलं. हवेत ४ तास ५६ मिनिटं, वेळापत्रकाच्या सुमारे ८० मिनिटं आधी. वाटेतला सर्वाधिक ग्राउंडस्पीड (जमिनीच्या संदर्भातला वेग) ताशी ८२५ मैल, म्हणजे १,३२७ किमी. त्याच रात्री त्याच वाटेवर व्हर्जिन अटलांटिकची दोन एअरबस ए३५०-१००० होती. एकाला लागले ४ तास ५७ मिनिटं, दुसऱ्याला ४ तास ५९. त्याआधीचा विक्रम नॉर्वेजियनच्या बोइंग ७८७-९ चा, जेएफके ते लंडनचंच गॅटविक, जानेवारी २०१८, ५ तास १३ मिनिटं. त्याच्याही आधी जानेवारी २०१५ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या ७७७ ने ५ तास १६ मिनिटं घेतली होती.

आता गंमत बघा. चार इंजिनांचं जुनं ७४७ आणि नवंकोरं ए३५०, दोघांत फरक एका मिनिटाचा. म्हणजे त्या रात्री विमान कुठलं याला फारशी किंमत नव्हती. सगळा मामला वाऱ्याचा. जेएफके ते हीथ्रो सरळ अंतर सुमारे ५,५५० किमी, म्हणजे बीए११२ चा सरासरी वेग ताशी ११२५ किमीच्या आसपास पडतो, आणि त्यात चढणं-उतरणंही आलं.

---

साधीशंका

१,३२७ म्हणजे आवाजापेक्षा जास्त की! मग ७४७ सुपरसॉनिक झालं का? खाली समुद्रावर धडाम आवाज आला असेल का?

---

आकडेमोड

नाही. मॅक आकडा (वेग आवाजाच्या वेगाच्या किती पट) मोजतात तो विमानाभोवतीच्या हवेच्या संदर्भात. जमिनीशी त्याला देणंघेणं नाही.

गणित असं. उणे ५६ अंश सेल्सियसला (साधारण ३७,००० फुटांवर प्रमाण वातावरणात एवढं तापमान धरतात) आवाजाचा वेग ताशी १,०६२ किमी. ७४७-४०० चा क्रूझ (वर चढून झाल्यावरच्या सपाट उड्डाणाचा) मॅक ०.८५ च्या आसपास, म्हणजे हवेतला खरा वेग ९०३ किमी. १,३२७ मधून ९०३ गेले, उरले ४२४. बाहेर हवा थोडी उबदार, समजा उणे ५०, असेल तर ०.८५ चाच खरा वेग ९१७ किमी होतो आणि वाऱ्याच्या वाट्याला ४१० येतात. तेव्हा त्या क्षणी पाठीवरचा वारा ताशी ४१० ते ४२५ किमी, म्हणजे २२० ते २३० नॉट (ताशी सागरी मैल) असणार.

तुम्ही जो 'आवाजाचा वेग' मनात धरलाय तो समुद्रसपाटीचा, १५ अंशांचा, १,२२५ किमी. ३७,००० फुटांवर तो लागूच नाही. विमानाच्या पंखाला त्या रात्री हवा नेहमीच्याच वेगाने लागत होती. सरकता जिना ज्या दिशेने चालतोय त्याच दिशेने आपण चालावं, तसं.

---

साधीशंका

समजलं. पण मग पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्याचा फायदा मिळत नाही का? बऱ्याच ठिकाणी तसं वाचलंय.

---

हवापाणी

थेट फायदा शून्य. हवाही पृथ्वीबरोबर फिरते, उड्डाणाआधी विमानही फिरतच असतं. पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे तो आडून: कोरिऑलिस बलामुळे वारा दाबाच्या उताराकडे सरळ न वाहता उजवीकडे वळतो (उत्तर गोलार्धात) आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा झोत तयार होतो. तोच जेट स्ट्रीम.

अटलांटिकच्या पश्चिम काठावरच तो एवढा का फोफावतो, हे बघण्यासारखं आहे. हिवाळ्यात कॅनडावरची हवा प्रचंड थंड, आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागून गल्फ स्ट्रीमचं कोमट पाणी. थोड्याच अंतरात तापमानाचा मोठा उतार. थंड हवेचा स्तंभ बसका, उबदार हवेचा उंच. त्यामुळे जसजसं वर जावं तसतसा दोन्हीकडच्या दाबातला फरक वाढत जातो आणि त्याबरोबर वाराही. हे वाढणं तपस्तब्धीपर्यंत (वातावरणाच्या सर्वांत खालच्या थराच्या वरच्या हद्दीपर्यंत) चालतं, म्हणजे मध्य अक्षांशात ९ ते १२ किमी उंचीपर्यंत. त्याच्यावर तापमानाचा उतार उलटा होतो आणि वारा पुन्हा मंदावतो. आता प्रवासी विमानं नेमकी कुठे उडतात? त्याच पट्ट्यात.

हा झोत काही सर्वत्र सारखा नसतो. त्यात मधूनमधून जास्त वेगाचे तुकडे असतात, त्यांना जेट स्ट्रीक म्हणतात. फेब्रुवारी २०२० मध्ये असाच एक लांबलचक तुकडा जवळजवळ सगळ्या अटलांटिकवर पसरला होता, आणि त्याच्याच जोरावर खाली 'कियारा' हे वादळ वाढलं. वादळामुळे विमान वेगाने गेलं असं बातम्यांत आलं, ते अर्धवट आहे. वरचा झोत आणि खालचं वादळ ही एकाच तापमान-उताराची दोन अपत्यं. त्याच रविवारी आइल ऑफ वाइटवरच्या नीडल्स इथे ताशी ९७ मैलांचा झोका नोंदला गेला, पण ७४७ ला ढकललं ते त्याच्या दहा किलोमीटर वरच्या वाऱ्याने.

अवांतर: हा वरचा वारा पद्धतशीर मोजणारा पहिला माणूस जपानी होता. वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडले आणि जगाला कळावं म्हणून अहवाल एस्पेरांतोत छापला. तो फारसा कुणी वाचला नाही. १९४४ मध्ये जपानवर उंचावरून गेलेल्या अमेरिकन बी-२९ विमानांना तोच वारा आडवा आला, तेव्हा सगळ्यांना जाग आली.

---

रात्रपाळी_डिस्पॅच

हवापाणी, उत्तम प्रतिसाद. आता हा वारा फ्लाइट प्लॅनमध्ये उतरतो कसा, ते सांगतो.

वाऱ्याचा अंदाज येतो जागतिक क्षेत्रीय अंदाज प्रणालीकडून. तिची केंद्रं दोन, लंडन आणि वॉशिंग्टन. दिवसातून चार वेळा, ०० / ०६ / १२ / १८ यूटीसीचे (जागतिक प्रमाणवेळेचे) मॉडेल रन. प्रत्येक उंचीचा वारा आणि तापमान जाळीच्या स्वरूपात येतं, आणि फ्लाइट प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर त्यातून कमीत कमी खर्चाची वाट शोधतं. कमीत कमी अंतराची नव्हे, हे लक्षात घ्या. नमुन्यादाखल: सरळ वाट ५,५५० किमी, सरासरी टेलविंड (पाठीवरचा वारा) ताशी १८० किमी, हवेतला वेग ९०५. वेळ ५ तास ७ मिनिटं. दुसरी वाट दक्षिणेकडून, १५० किमी लांब, पण तिच्यावर टेलविंड २४०. वेळ ४ तास ५९. लांबच्या वाटेने आठ मिनिटं वाचली आणि तेवढं इंधनही.

पण अटलांटिकवर हवी ती वाट हवी त्या वेळी मिळत नाही. युरोपकडे जाणारा सगळा लोंढा रात्री एकाच वेळी निघतो आणि सगळ्यांना तोच झोत हवा असतो. म्हणून नॉर्थ अटलांटिक ट्रॅक, म्हणजे रोज नव्याने आखलेले हवाई मार्ग. रात्रीचे पूर्वेकडे जाणारे ट्रॅक गँडर (कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचं नियंत्रण केंद्र) काढतं, ते ३० अंश पश्चिम रेखांशावर ०१०० ते ०८०० यूटीसी लागू असतात. दिवसाचे पश्चिमेकडे जाणारे शॅनविक (ब्रिटन-आयर्लंडकडचं केंद्र) काढतं, ११३० ते १९००. नावंही ठरलेली: पश्चिमेकडचे उत्तरेपासून ए, बी, सी... आणि पूर्वेकडचे दक्षिणेपासून झेड, वाय, एक्स... असे उलटे. विमान कंपन्या आधी आपापल्या पसंतीची वाट कळवतात, त्यावरून ट्रॅक बसवले जातात. त्यामुळे पूर्वेचे ट्रॅक जेटला चिकटून आणि पश्चिमेचे जेटला टाळून, असं चित्र रोज दिसतं. बीए११२ ने उड्डाण केलं २३४७ यूटीसीला. म्हणजे ३० पश्चिमला ते बरोबर त्या वेळेच्या आत पोचणार.

ट्रॅकच घ्यायला हवा अशी सक्ती नाही, स्वतंत्र वाटही मागता येते. पण ट्रॅकना आडवं जाणारी वाट मागितली तर उंची मनासारखी मिळत नाही. आणि जेटच्या रात्री उंची म्हणजे सगळं काही. जेटचा गाभा ३५,००० फुटांवर असताना तुम्हाला ३९,००० दिले, तर चाळीस-पन्नास नॉट सहज हातचे जातात. जड विमानाला सुरुवातीला वर चढताच येत नाही, हलक्याला वर ढकलतात. त्यामुळे एकाच ट्रॅकवरच्या दोन विमानांना वेगवेगळा वारा लागतो.

इंधनाचं. टेलविंड अंदाजात धरलेलाच असतो, त्यामुळे ट्रिप फ्युएल (प्रवासापुरतं इंधन) आधीच कमी भरलेलं असतं. 'वाऱ्यामुळे टाकीत ढीगभर इंधन उरलं' असं होत नाही. आकस्मिक इंधन नेहमीप्रमाणे ट्रिप फ्युएलच्या ५ टक्के (अटी पाळल्या तर ३), शिवाय पर्यायी विमानतळाचं, शिवाय शेवटची ३० मिनिटं जी कधी वापरायची नाहीत. मात्र कियारासारख्या रात्री खरा घोळ पर्यायी विमानतळाचा. गॅटविक, स्टॅनस्टेड, बर्मिंगहॅम, सगळे एकाच वादळाखाली असताना त्यातला एक 'पर्यायी' म्हणून लिहिणं कागदावर बरोबर, व्यवहारात धोक्याचं. वादळाच्या पट्ट्याबाहेरचा निवडायचा आणि त्याचं इंधन भरायचं. म्हणजे वाऱ्याने वाचवलेलं काही टन इथे परत जातं.

---

नॉटिकल_नाना

डिस्पॅचराव, समान-वेळ बिंदूचं राहिलं की. तेच तर सगळ्यात उलटं वाटतं नवख्यांना.

---

रात्रपाळी_डिस्पॅच

बरोबर, घ्या. दोन इंजिनांच्या विमानाला समुद्रावर कुठल्याही क्षणी एक इंजिन बंद पडेल असं धरून चालावं लागतं. मागचा विमानतळ आणि पुढचा विमानतळ, दोन्हीकडे जायला सारखाच वेळ लागेल तो बिंदू म्हणजे इक्वल टाइम पॉइंट. सूत्र सोपं:

मागच्या विमानतळापासून बिंदूचं अंतर = एकूण अंतर × परतीचा ग्राउंडस्पीड ÷ (परतीचा + पुढचा ग्राउंडस्पीड)

गँडर ते शॅनन (आयर्लंड) समजा १,७०० सागरी मैल. वारा नसेल तर बिंदू ८५० वर, मध्यावर. आता हवेतला वेग ४८० नॉट, टेलविंड १२०. पुढे ६००, मागे ३६०. १,७०० × ३६० ÷ ९६० = ६३७. म्हणजे बिंदू गँडरकडे २१३ मैल सरकला. अर्धा समुद्र यायचा आहे, तरी 'मागे वळा' याला अर्थ उरलेला नाही. बिंदू नेहमी वाऱ्याच्या उगमाकडे सरकतो, एवढं पाठ ठेवायचं.

यात एक खाच आहे. केबिनचा दाब गेला तर विमान १०,००० फुटांवर येतं. तिथे जेट नाही, वारा वेगळा, कधी दिशाही वेगळी. म्हणून त्या प्रसंगाचा बिंदू १०,००० फुटांच्या वाऱ्यावर वेगळा काढतात. क्रूझचा वारा वापरून एकच बिंदू काढला तर आकडा दिसायला छान, पण उपयोग नाही. एवढ्या खाली इंधन कितीतरी जास्त जळतं, आणि बहुतेक वेळा इंधनाचा खरा कस तिथेच लागतो.

---

साधीशंका

एक विचारतो. पाठीवर एवढा वारा असताना वैमानिक आणखी रेटून विक्रम करतात का?

---

डावी_सीट

उलट आहे. फ्लाइट मॅनेजमेंट कॉम्प्युटरमध्ये कॉस्ट इंडेक्स नावाचा आकडा भरलेला असतो, म्हणजे वेळेची किंमत भागिले इंधनाची किंमत. त्यावरून तो किफायतशीर मॅक काढतो. समोरून वारा असेल तर तो मॅक थोडा वाढवतो, कारण वाऱ्याच्या तोंडी कमी वेळ राहिलेलं बरं. मागून असेल तर थोडा कमी करतो, कारण वारा फुकट नेतोय तर जास्त वेळ त्याच्यावर बसा. म्हणजे विक्रमाच्या रात्री विमान स्वतः बहुधा नेहमीपेक्षा किंचित हळूच उडत असतं! शिवाय पूर्वी महासागरी हद्दीत एकच मॅक ठरवून दिला जायचा आणि तो धरूनच ठेवावा लागे, कारण रडार नाही आणि एकामागच्या एक विमानांतलं अंतर त्या मॅकवरच टिकून. साधारण दहा मिनिटांचं अंतर असायचं. २०१९ पासून उपग्रहावरून एडीएस-बी (विमान स्वतःच कळवत असलेलं आपलं स्थान) दिसायला लागलं, तेव्हा हे अंतर योग्य उपकरणं असलेल्या विमानांसाठी १४ सागरी मैलांपर्यंत खाली आलं.

आता अडचणी कुठे येतात ते.

पहिली, टेलविंड अचानक तुटणं. विमान जड, त्याचा जमिनीवरचा वेग क्षणात बदलत नाही. मागचा वारा एकदम ३० नॉटने कमी झाला, तर हवेतला वेग तेवढाच वाढतो आणि विमान कमाल मॅकच्या दिशेने सरकतं. ए३५० साठी तो ०.८९, ७८७ साठी ०.९०, ७४७-४०० साठी ०.९२. क्रूझ ०.८५ असताना ए३५० ला हाताशी अंतर ०.०४, म्हणजे वीस-बावीस नॉट. ओव्हरस्पीडचा खडखडाट व्हायला वेळ लागत नाही. जेटच्या कडेला शिरताना याच्या उलट, वारा झटकन वाढतो आणि हवेतला वेग पडतो. वजन जास्त आणि उंची कमाल मर्यादेजवळ असेल तर दोन्ही बाजूंना जागा थोडी. म्हणून अशा रात्री कमाल उंचीपेक्षा एक-दोन हजार फूट खाली राहिलेलं शहाणपणाचं.

दुसरी, स्वच्छ हवेतली टर्ब्युलन्स. ढग नाही, रडारवर काही नाही. गाभ्यात वारा प्रचंड असला तरी तो एकसारखा असतो, तिथे विमान अगदी गुळगुळीत जाऊ शकतं. धक्के कडेला, त्यातही थंड म्हणजे उत्तरेच्या बाजूला, जिथे वारा थोड्या अंतरात झपाट्याने बदलतो. अंगठ्याचा नियम: दर १,००० फुटांमागे वारा ५ नॉटहून जास्त बदलत असेल तर पट्टे बांधायला सांगा. बाहेरचं तापमान भराभर बदलायला लागलं तर कड जवळ आली समजायचं.

तिसरी, वेळेचे अंदाज. ट्रॅकवरच्या प्रत्येक रेखांशाला पोचायची वेळ कळवलेली असते. प्रत्यक्ष वारा अंदाजापेक्षा १५ नॉटने जरी वेगळा निघाला तरी दहा अंशांच्या टप्प्यात वेळ मिनिटभराने हलते, आणि मागच्या-पुढच्याचा वारा वेगळा असला तर अंतरं आक्रसतात. सुधारित वेळ कळवायलाच लागते.

---

ठाणेकर_७४७

एक सोपी गोष्ट कुणी लिहिली नाही: जाताना जेवढं मिळालं तेवढंच येताना गेलं, फिटंफाट, असं लोक म्हणतात. फिटंफाट होते का?

---

आकडेमोड

होत नाही, आणि कधीच होणार नाही. हवेतला वेग ९०० धरा, अंतर ५,५५०, वारा २००.

वाऱ्याविना: प्रत्येक फेरी ६ तास १० मिनिटं, जाऊन-येऊन १२ तास २० मिनिटं.
वाऱ्यासह: जाताना ११०० ने ५ तास ३ मिनिटं. येताना ७०० ने ७ तास ५६ मिनिटं. बेरीज १२ तास ५९.

३९ मिनिटं अंगावर आली. कारण प्रतिकूल वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ घालवता, अनुकूल वाऱ्यात कमी. येतानाची विमानं जेट टाळून उत्तरेकडून, ग्रीनलंडच्या अंगाने जातात, म्हणून प्रत्यक्षात नुकसान एवढं नसतं. पण असतं.

---

नॉटिकल_नाना

आणि विक्रमाची बातमी छापून येते, येतानाची येत नाही. डिसेंबर २०११ मध्ये युनायटेडची बोइंग ७५७ युरोपहून अमेरिकेला येत होती, सुमारे ११०० फेऱ्या. त्यातल्या ४३ फेऱ्यांना वाटेत कुठेतरी उतरून इंधन घ्यावं लागलं. आदल्या वर्षी तोच आकडा १२. विमानात बिघाड नव्हता. एका मार्गिकेचं अरुंद विमान, पल्ल्याच्या काठावरचा मार्ग, आणि समोरून नेहमीपेक्षा जोरदार वारा. अशा वेळी कॅनडात गँडर किंवा गूज बे इथे उतरायचं, इंधन भरायचं, पुढे जायचं. तास-दीड तास गेला, पुढची जोडविमानं चुकली. आज ए३२१ च्या लांब पल्ल्याच्या आवृत्त्या त्याच कामाला लागल्या आहेत, आणि हिवाळ्यात त्यांच्याही डिस्पॅचरला (फ्लाइट प्लॅन आखणाऱ्याला) तेच कोडं: सामान कमी करू, सीट रिकाम्या ठेवू, की वाटेत उतरू?

---

हवापाणी

याला हवामानबदलाची बाजूही आहे. रेडिंग विद्यापीठाचे पॉल विल्यम्स यांनी २०१६ मध्ये लंडन-न्यूयॉर्कचा हिशेब मांडला होता. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पूर्वेकडची फेरी ५ तास २० मिनिटांच्या आत होण्याची शक्यता ३.५ टक्क्यांवरून ८.१ वर, आणि पश्चिमेकडची ७ तासांवर जाण्याची ८.६ वरून १५.३ वर. म्हणजे विक्रमही वाढणार, रखडपट्टीही, आणि एकूण हवेतले तास वाढणार. आकडेमोड यांनी वर दाखवलेली असमानता इथेच बाहेर येते.

त्याच विद्यापीठातलं २०२३ चं काम म्हणतं की उत्तर अटलांटिकवर तीव्र स्वच्छ-हवा टर्ब्युलन्सचे वर्षाचे तास १९७९ ते २०२० मध्ये ५५ टक्क्यांनी वाढले. त्यामुळे 'जेट जोरदार म्हणजे प्रवास छान' या समजाला फारसा अर्थ नाही.

---

ठाणेकर_७४७

काँकॉर्डचं काय? ती तर साडेतीन तासांत जायची.

---

वातकुक्कुट

प्रवासी विमानांत आजही विक्रम तिचाच. ७ फेब्रुवारी १९९६, ब्रिटिश एअरवेज, जेएफके ते हीथ्रो, २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंद. कॅप्टन लेस्ली स्कॉट. त्या दिवशीही टेलविंड ताशी १७५ मैलांच्या घरात होता. मात्र हवेतला वेगच ताशी २,१०० किमीच्या वर, त्यामुळे वाऱ्याचा वाटा प्रमाणाने लहान. ते विमान, जी-बीओएडी, आता न्यूयॉर्कच्या इंट्रेपिड संग्रहालयात आहे.

लष्करी विमानं मोजायची तर १ सप्टेंबर १९७४ ला एसआर-७१ ने न्यूयॉर्क-लंडन १ तास ५४ मिनिटं ५६ सेकंदांत केलं. पण ते हवेतल्या एका रेषेपासून दुसऱ्या रेषेपर्यंत मोजलेलं, उड्डाण-उतरणं त्यात नाही.

आणि हाच मुद्दा सबसॉनिक विक्रमालाही लागतो. बीए११२ च्या आधी व्हिकर्स व्हीसी१० चा ५ तास १ मिनिट हा आकडा सांगितला जायचा, पण तो जेएफके ते प्रेस्टविक. स्कॉटलंडचा पश्चिम किनारा हीथ्रोपेक्षा कितीतरी आधी लागतो. तेव्हा बीए११२ ची कामगिरी दिसते त्याहून मोठी म्हणायला हवी. शिवाय ४:५६ हा धावपट्टी ते धावपट्टी वेळ आहे. वेळापत्रकातला वेळ गेट ते गेट असतो, त्यात जेएफकेवरची टॅक्सीची रांग आणि हीथ्रोवरचं चक्कर मारणं धरलेलं. दोन्हींची तुलना करून 'दोन तास वाचले' लिहिणारे पत्रकार भेटतात.

---

डावी_सीट

हीथ्रोचं नाव निघालं म्हणून. लवकर पोचणं हा तिथे चक्क त्रास आहे. रात्री ११:३० ते सकाळी ६ उड्डाणांची संख्या आणि आवाज, दोन्हींवर कोटा. पहाटेची पहिली विमानं ४:३० च्या आधी वेळापत्रकात नसतातच. बीए११२ ४:४३ ला उतरलं, म्हणजे थोडक्यात जमलं. आणखी अर्धा तास आधी पोचलं असतं, तर वाटेतच वेग कमी करा म्हणून सांगितलं गेलं असतं किंवा बोव्हिंगडन, लॅम्बर्न, ऑकम, बिगिन या चार होल्डिंगपैकी एकावर गोल फिरत बसावं लागलं असतं. त्यानंतर स्टँड रिकामा हवा, जमिनीवरचे लोक हवेत, पासपोर्ट काउंटर उघडं हवं. म्हणून जाणता डिस्पॅचर अशा रात्री कॉस्ट इंडेक्स उतरवून ठेवतो: समुद्रावर हळू चला, इंधन वाचवा, लंडनवर घिरट्या घालू नका.

---

साधीशंका

आपल्याकडे याचा काही संबंध येतो का? मुंबईहून निघणाऱ्यांना?

---

हवापाणी

येतो. हिवाळ्यात उपोष्ण जेट उत्तर भारतावरून जातो, साधारण ३९,००० फुटांच्या पातळीवर. युरोपकडे निघालेल्याला तो तोंडावर, परतणाऱ्याला पाठीवर. म्हणून हिवाळ्यात लंडन-मुंबई फेरी मुंबई-लंडनपेक्षा स्पष्टपणे लहान.

पावसाळ्यात मजा वेगळी. दक्षिण भारतावर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा उष्णकटिबंधीय पूर्व जेट येतो. भारतीय हवामान खात्याचे पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात त्याचं वर्णन केलं. पण तो १४ ते १६ किमीवर, प्रवासी विमानांच्या डोक्यावरून जातो. खालच्या कडेचा थोडा स्पर्श होतो, एवढंच.

---

रात्रपाळी_डिस्पॅच

भारतातलं उत्तम उदाहरण एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को. आधी ती फेरी अटलांटिकवरून जायची. १६ ऑक्टोबर २०१६ ला ७७७-२००एलआर पॅसिफिकवरून नेलं: सुमारे १५,३०० किमी, अटलांटिकच्या वाटेपेक्षा साधारण १,४०० किमी लांब, तरी साडेचौदा तासांत, आधीपेक्षा कमी वेळात. पृथ्वीच्या फिरण्याची फोडणी तेव्हाही बातम्यांत पडली होती. खरं कारण म्हणजे जपानपासून पुढे पाठीवर जेट. अंतर वाढवून वेळ कमी करणं, वर दिलेल्या आठ मिनिटांच्या गणिताचंच थोरलं भावंड.

---

ठाणेकर_७४७

वाचनखूण साठवली. आता हे घरबसल्या बघायचं कसं? पुढच्या हिवाळ्यात अशी रात्र आधी ओळखता येईल का?

---

वातकुक्कुट

येते, दीड-दोन दिवस आधी.

विंडी किंवा तत्सम नकाशावर २५० हेक्टोपास्कलची (हवेच्या दाबाचं एकक) पातळी निवडा, ती साधारण ३४,००० फूट. ३०० म्हणजे ३०,००० आणि २०० म्हणजे ३९,०००. तिन्ही बघा, कारण गाभा त्यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. न्यूफाउंडलंडपासून आयर्लंडपर्यंत १५० नॉटचा पट्टा सलग दिसला आणि त्यात १८०-२०० चे तुकडे असले, तर लक्ष ठेवा. नुसता किनाऱ्याजवळ २०० चा ठिपका पुरेसा नाही. १७ फेब्रुवारी २०२४ च्या संध्याकाळी वॉशिंग्टनजवळच्या फुग्याने सुमारे २३० नॉट मोजले आणि डलेसहून लंडनला निघालेल्या व्हर्जिनच्या विमानाने ताशी ८०२ मैल गाठले. शिखर भारी, पण पुढे झोत तितका लांब नव्हता. उतरायला पाऊण तास लवकर, आणि जेएफके-हीथ्रोचा ४:५६ जागचा हलला नाही. शिखर वेग आणि एकूण वेळ हे दोन वेगळे विक्रम आहेत.

मग दुपारी १४०० यूटीसीच्या सुमारास (आपल्याकडे संध्याकाळी साडेसात) गँडरचे रात्रीचे ट्रॅक येतात, ते नकाशावर टाका. झेड, वाय, एक्स पट्ट्यावर नीट बसलेत का बघा.

मग तिकडच्या रात्री, म्हणजे आपल्याकडे सकाळी, फ्लाइटरडार२४ (विमानं थेट नकाशावर दाखवणारी साइट) वर जेएफके, बॉस्टन, नेवार्कहून निघालेली विमानं धरा. दाखवतात तो ग्राउंडस्पीड, नॉटमध्ये. १.८५२ ने गुणलं की किमी. ६५० च्या वर गेलं तर चांगली रात्र, ७०० म्हणजे बातमी. एक पथ्य: मध्य अटलांटिकवर जमिनीवरचे रिसीव्हर पोचत नाहीत, तिथे चिन्ह पुढे सरकताना दिसतं ते बऱ्याचदा अंदाजाने. त्या पट्ट्यातल्या आकड्यावर पैज लावू नका. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळचा आणि आयर्लंडजवळचा आकडा भरवशाचा.

---

आकडेमोड

थोडी भर. नकाशावरची वेळ यूटीसी आहे की स्थानिक, हे आधी तपासा. विमान ३० पश्चिमला ०२०० ते ०४०० यूटीसीच्या दरम्यान असतं, म्हणजे भारतात सकाळी साडेसात ते साडेनऊ. संध्याकाळचा नकाशा बघून रात्रीच्या विमानाचा हिशेब केला तर झोत तोवर दोन-तीनशे किमी पुढे सरकलेला असतो. आणि वाऱ्याची दिशाही घ्या. २०० नॉटचा वारा वाटेशी ३० अंशांचा कोन करत असेल तर हाती येतात १७३.